स्पीकर ऐकून घेताना

१९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी रॅपोल्ड ही ऑपेरा गायिका एका फोनोग्राफशेजारी उभी राहून गायली. मधेच तिनं ओठ मिटले तरी गाणं सुरूच राहिलं. थॉमस एडिसनच्या कंपनीचे हे ‘टोन टेस्ट’ १९१५ पासून पुढं दहा वर्षं अमेरिकेच्या गावोगावी झाले. कुठं कुठं तर दिवे मालवत आणि उजेड झाला की रंगमंचावर गायिका नसायची, नुसतं यंत्र वाजत असायचं. टाळ्या पडत आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानात फोनोग्राफची मागणी वाढे.

आज ती रेकॉर्ड ऐकली की नवल वाटतं. आवाज चोंदलेला, खालचे-वरचे स्वर गायब, आणि लोक म्हणे फसले! खरी गंमत गायिकांच्या गळ्यात होती. त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून, आवरून गात. यंत्र माणसासारखं गाईना, तेव्हा माणूस यंत्रासारखा गायला. विकत घेण्याआधी ऐकून बघायची जी पद्धत पुढं रूढ झाली, तिची सुरुवात अशी विक्रेत्याच्या सोयीनं झाली. गाणं तो निवडणार, जागा तो ठरवणार, आवाज किती मोठा ठेवायचा तेही तोच बघणार. गेल्या शंभर वर्षांत या तिन्ही गोष्टी त्याच्या हातून फार थोड्या वेळा सुटल्या.

ते यंत्र कर्ण्यानं वाजे. आजच्या अर्थाचा स्पीकर, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारं तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या इंजिनियरांनी १९२५ मध्ये मांडला. मूळ रचना अजून तीच आहे.

यॉर्कशायरमधल्या व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी एडिसनचा खेळ पुन्हा मांडला, पण बराच सरळपणानं. १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्यानं घेऊन त्यांनी चक्क तिकिटं लावली. ॲम्प्लिफायर सांभाळायला क्वाडचे पीटर वॉकर होते. मंचावर कलावंत प्रत्यक्ष वाजवणार, मग तेच वाजवणं रेकॉर्डवरून स्पीकरमधून ऐकवणार, तुलना श्रोत्यांनी करायची. पुढच्याच वर्षी त्यांनी कार्नेगी हॉलमध्येही असा कार्यक्रम केला. हे धाडस मोठंच. पण तीनेक हजार खुर्च्यांच्या सभागृहात जो स्पीकर शोभला, तो दहा बाय बाराच्या खोलीत कसा वागेल, हे तिकिटात येत नव्हतं.

अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांची अकूस्टिक रिसर्च ही कंपनी त्याच सुमाराला उभी राहिली. मोठ्या वूफरला आधी कपाटाएवढी पेटी लागे. व्हिल्चरनी छोटी, घट्ट बंद पेटी केली आणि आत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला. फडताळात मावणाऱ्या डब्यातून एवढा खर्ज येतो, हे सांगून कोण मानणार? म्हणून त्यांनी फाइन आर्ट्स क्वार्टेट या चौघा तंतुवादकांना घेऊन जिवंत वादन आणि ध्वनिमुद्रण यांची तुलना करणारे कार्यक्रम लावले. वादक गज चालवत असत आणि वाजत मात्र असे स्पीकर.

मला व्हिल्चर यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी एक संगीतकक्ष उघडला. गाडीला वेळ असलेल्या कुणीही आत यावं, बसावं, ऐकावं. तिथं काहीही विकायला नव्हतं. गळी पडणारा सेल्समन नाही, घासाघीस नाही. विक्रेत्यानं आपण होऊन खरेदीचा ताण काढून टाकल्याचं या धंद्यातलं दुसरं ठळक उदाहरण मला माहीत नाही.

कारण बाकी सगळीकडे भिंत होती. सत्तरच्या दशकात अमेरिकेपासून जपानपर्यंत दुकानांत स्पीकरची भिंत आणि समोर बटणांची पाटी, असा थाट झाला. बटण दाबलं की या जोडीवरून त्या जोडीवर. दिसायला अगदी निःपक्षपाती. पण दोन स्पीकरांपैकी एक जरा मोठ्यानं वाजत असेल, अगदी एखादा डेसिबल, तर कानाला तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. त्याच वीजशक्तीवर काही स्पीकर मुळातच जोरात वाजतात, त्यामुळे खोडसाळपणा न करताही निकाल झुकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. जोरात वाजवलं की तोच स्पीकर भरदार वाटतो. स्कॉटलंडच्या लिन कंपनीनं तर या भिंतीविरुद्ध मोहीमच काढली. खोलीत एका वेळी एकच जोडी असावी, कारण न वाजणाऱ्या स्पीकरांचे शंकूही हवेबरोबर थरथरतात आणि आवाज बिघडवतात, असं त्यांचं म्हणणं. तो परिणाम किती मोठा यावर वाद घालता येईल, पण ग्राहकाला एका वेळी एकच गोष्ट नीट ऐकू द्यायची, हे पटण्याजोगंच होतं.

आपल्याकडे ही भिंत पाहायची ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. परदेशी स्पीकरवर जबर आयातशुल्क, त्यामुळे ते आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून यायचे. आणणाऱ्यानं ते ऐकलेले नसत आणि मागवणाऱ्यानंही नसत. देशी मालात कॉस्मिक, फिलिप्स, कोलकात्याची सोनोडाइन. दुकानाचं शटर सताड उघडं, बाहेर बसचे हॉर्न, आत छतापर्यंत रचलेले डबे. ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण दाबलेलं, ट्रेबलची खुंटी घड्याळातल्या दोनच्या जागी. कॅसेट दुकानाची, ठोके भरपूर असलेली. ‘बेस सुनो साहब, बेस!’ मग पाटीवरचं बटण खट्‌कन वाजे आणि दुसरी जोडी सुरू होई. नव्वदच्या दशकात त्यात डब्यांवरच्या हजार वॅट पीएमपीओच्या आकड्यांची भर पडली. त्या आकड्यांचा खऱ्या ताकदीशी जवळपास काही संबंध नसे.

आपली कॅसेट घेऊन जाणारे लोकही होते, नाही असं नाही. ते तानपुरा लावायला सांगत. जवारी नीट असलेल्या तानपुऱ्यात स्वरांच्या वरची आंदोलनं एकात एक मिसळून झुलत राहतात. ट्विटर भडक असला की तीच किरकिरीत होतात. मग विलंबित ख्याल, त्यात डग्ग्याचा घुमारा. खराब पेटीत सगळ्या मात्रांना तो एकाच स्वरात ‘बुम’ करतो, बऱ्या पेटीत मनगटाच्या दाबानं स्वर वर सरकलेला कळतो. शेवटी बातम्या वाचणारा पुरुषी आवाज. बीबीसीचे इंजिनियरही आपले स्पीकर जोखायला माणसाचं बोलणं वापरत, कारण बोलणं कसं असावं हे कानाला पाठच असतं. अशा गिऱ्हाइकाला दुकानदार फार वेळ देत नसे. डोळे दाराकडे.

या सगळ्याला पहिला कडक प्रश्न विचारला तो फ्लॉइड टूल यांनी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत, ओटावाला, ते १९६५ पासून होते. त्यांनी स्पीकर पडद्याआड ठेवले आणि आवाजाची पातळी सारखी करून ऐकवले. नावं लपवली की वेगवेगळ्या माणसांची मतं चकित व्हावं इतकी जुळतात, असं दिसलं. १९९१ मध्ये ते हार्मन कंपनीत गेले आणि १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस ऐकणारे, सगळे हार्मनचेच नोकर, आणि चार स्पीकर. एकदा पडद्याआडून, एकदा डोळ्यांसमोर. पडदा होता तेव्हा छोट्या, स्वस्त संचाला चांगले गुण मिळाले. पडदा काढताच ते घसरले आणि मोठ्या, देखण्या पेट्यांचे चढले. त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच होती. पडद्याआड असताना स्पीकर जागेवरून हलवला की ऐकणाऱ्यांना फरक जाणवत होता. समोर दिसू लागल्यावर तो जाणवेनासा झाला. हे रोज आवाजावरच पोट भरणारे लोक! मग लॅमिंग्टन रोडच्या भिंतीसमोर खिशात हात घालून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं काय झालं असेल?

पुढं हार्मननं कॅलिफोर्नियात एक सरकता मंच बांधला. पडद्याआड प्रत्येक स्पीकर काही सेकंदांत नेमक्या त्याच जागी येऊन थांबतो, म्हणजे जागेचाही फायदा कुणाला नाही.

आज मोजमापंच घरी येतात. प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत स्पीकरभोवती दर दहा अंशाला, आडवं आणि उभं, सत्तर ठिकाणी मोजून काढलेले आलेख कुणालाही बघता येतात. ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये अशाच आलेखांवरून लोकांची पसंती आधी सांगणारं सूत्र मांडलं. दुकानांतली ऐकण्याची खोली मात्र आटत गेली. लोक परीक्षण वाचतात, घरपोच मागवतात, नाही आवडलं तर परत करतात. मला यात जुन्या भिंतीपेक्षा बरंच भलं दिसतं. निदान स्पीकर ज्या खोलीत राहायचा, तिथं तो वाजतो तरी.

आणि ऑलिव्हच्या सूत्रात ही खोलीच शिल्लक उरते. पसंतीचा सुमारे तीस टक्के वाटा त्यात खर्ज किती खोल जातो याचा आहे. नेमका हाच भाग खोली ठरवते. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींच्या दरम्यान फुगतो, दहा फुटांच्या बाजूला ५६ च्या. भिंतीला टेकून ऐकणाऱ्याला तो दणकट, मधोमध बसणाऱ्याला जवळजवळ नाहीसा. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की डग्गा सुजतो, हातभर पुढं ओढला की उतरतो. हे आलेखात नाही आणि दुकानातही नव्हतं. बहुतेक मुंबईच्या घरांत तर तो हातभर ओढायची सोय नसते, मागं सोफा आणि पुढं दार.