जगबुडी, हप्त्याहप्त्याने

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ लागायचा, तेव्हा गिरगाव-लालबागच्या चाळींत ज्याच्या खोलीत टीव्ही, त्याच्या उंबऱ्यापाशी चपलांचा ढीग पडायचा. मालिका मूळ जपानी, १९६७-६८ची, भाग २६. परग्रहावरचा सम्राट गिलोटिन दर खेपेला पृथ्वीवर नवा राक्षस सोडायचा आणि अर्ध्या तासात पृथ्वी वाचायची. पोरांना पृथ्वीची फारशी चिंता नसायची. एका मुलाने मनगटी घड्याळात हुकूम सोडला की इमारतीएवढा रोबो हलतो, एवढं त्यांना पुरत होतं. शेवटच्या भागात तोच रोबो मुलाचा हुकूम मोडतो, गिलोटिनला कवटाळून अवकाशात उडतो आणि परत येत नाही. जग याही वेळी वाचतं, पण मुलाचा दोस्त जातो. मालिका पाहिलेल्यांना आज राक्षसांची नावं आठवत नाहीत, हा शेवट आठवतो.

रोबोंच्या लांबलचक चित्रमालिकांचा पुढचा चाळीस वर्षांचा प्रवास याच दोन टोकांमध्ये झाला. पणाला काय लावायचं, एक माणूस की अख्खं जग?

‘द टर्मिनेटर’ने (१९८४) दोन्ही साधलं. माणसं आणि यंत्रांचं युद्ध भविष्यात चाललेलं. पडद्यावर मात्र हॉटेलात वाढप्याचं काम करणारी सारा कॉनर जीव मुठीत धरून पळते आहे. दुसऱ्या भागात (१९९१) मारेकरी यंत्रच तिच्या मुलाचं राखणदार झालं आणि अखेर स्वतःच्याच इच्छेने वितळलेल्या पोलादात उतरवलं गेलं. नंतर २००३, २००९, २०१५ आणि २०१९ असे आणखी चार भाग निघाले. प्रलय कधी लांबला, कधी रद्द झाला, कधी नव्या नावाने परतला. शेवटच्या भागात तर ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता, त्या साराच्या मुलाला, जॉन कॉनरला, सुरुवातीलाच मारून टाकलं. एवढं होऊनही प्रेक्षक हलला नाही. रद्द होणाऱ्या प्रलयाची त्याला सवय झाली होती.

मराठीत यंत्रमानव नव्हता, पण बाहुला होता. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू कथेत मंत्राने जिवंत होतो, पडद्यामागे तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची करामत होता. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. हा खलनायक कुठलंही शहर उडवायला निघालेला नाही. त्याला हवं आहे एकच शरीर, नायक लक्ष्याचं. त्यामुळे भीती थेट घरात शिरते: रात्री खोलीतली बाहुली हलली तर? गिरगावच्या कुंभारवाड्यात वाढलेल्या, साहित्य संघात नोकरी करत नाटकाकडे वळलेल्या आणि इथे लक्ष्या झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भेदरलेला चेहरा हा त्या चित्रपटाचा खरा ‘स्पेशल इफेक्ट’. २००४ साली बेर्डे गेले. २०१३मध्ये ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. बाहुला आता लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागला होता. तंत्र बदललं, हट्ट तोच राहिला.

दादरच्या पलीकडे, माटुंग्याच्या अरोरा टॉकीजने रजनीकांतच्या चित्रपटांसाठी पहाटेचे खेळ पाहिले आहेत. रजनीकांतच्या ‘एंधिरन’मध्ये, म्हणजे हिंदीतल्या ‘रोबोट’मध्ये (२०१०), चिट्टी हा यंत्रमानव आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीवर भाळतो. पुढे त्याच्या शेकडो प्रतिकृती धुमाकूळ घालतात, पण ठिणगी पडते ती नकारातून. ‘२.०’मध्ये (२०१८) शहरातले मोबाइल पाखरांसारखे उडून जातात, अजस्र पक्षी आकाश व्यापतो. देखावा डोळे दिपवणारा आहे. तरी मनात राहतो तो पाखरांच्या मरणाने खचून मोबाइल टॉवरवर गळफास घेणारा म्हातारा पक्षीराजन.

‘ट्रान्सफॉर्मर्स’ची गोष्ट २००७मध्ये एका पोराच्या पहिल्या जुन्या गाडीपासून सुरू झाली. पुढे पिरॅमिड, शिकागो, हाँगकाँग करत पाचव्या भागात (२०१७) पृथ्वीवर दुसरा ग्रह येऊन आदळायची पाळी आली. बाजाराचा हिशेब इथे सोपा नाही: तिसऱ्या आणि चौथ्या भागाने जगभरात प्रत्येकी शंभर कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, म्हणजे विध्वंस विकला जात होता. पाचव्याला मात्र ओहोटी लागली. पुढच्याच वर्षी ‘बम्बलबी’ने १९८७ सालच्या एका कॅलिफोर्नियन घराच्या गॅरेजमध्ये आसरा घेतला. वडील गमावलेली एक मुलगी आणि तिथे लपवलेला पिवळा रोबो, एवढ्यावर तो चित्रपट उभा राहिला. कमाई पाचव्या भागापेक्षाही कमी झाली, पण समीक्षकांनी या मालिकेतल्या आधीच्या कुठल्याच भागाचं इतकं कौतुक केलं नव्हतं.

२०२४चा ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ आणखी मागे गेला. त्यात माणूस नाही, पृथ्वी नाही. आहेत ते ओरायन पॅक्स आणि डी-१६ हे दोन खाणकामगार. सत्ताधाऱ्याने आपल्याला फसवून राबवलं हे कळल्यावर एक जण न्याय मागतो, दुसरा सूड, आणि मैत्री तुटते. पुढच्या सगळ्या युद्धांचं मूळ हेच, असं हा चित्रपट सांगतो. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकाच खोलीतल्या दोन भावांची तोंडं दोन दिशांना झालेली पाहणाऱ्या परळला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ तिकीटबारीवर फारसा चालला नाही. परळही आता बदललं आहे: लोअर परळच्या ज्या फिनिक्स मिलमध्ये पूर्वी पाळ्या भरायच्या, तिथे आज मॉल आहे आणि मल्टिप्लेक्सही.