मोकळंही वाटतं, रडूही येतं

बाईचं आरोग्य : भाग ७

गर्भपातानंतर रक्तस्राव किती दिवस चालतो, ताप आला तर काय करायचं, पाळी कधी सुरू होते, हे मागच्या भागात पाहिलं. आज मनाकडे वळू. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात, पुन्हा दाखवायला येण्याची तारीख असते. मनाविषयी मात्र सहसा एक ओळही नसते.

बाळंतीण घरी आली की डिंकाचे लाडू वळले जातात, शेक-शेगडी होते, अंगाला तेल लावायला बाई येते. पिशवी साफ करून आलेली बाई दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डबे भरते. ऑफिसात ‘पोट बिघडलं होतं’ म्हणून सांगते. पॅड कागदात गुंडाळून घरच्यांची नजर चुकवून टाकते. ‘चेहरा का उतरलाय गं?’ असं शेजारणीने विचारलं, तर ‘झोप नाही झाली’ म्हणून वेळ मारून नेते. आणि दुपारी भांडी घासता घासता तिचे डोळे भरून येतात.

अशा वेळी अनेकींना वाटतं, ‘सुटले असं वाटलं होतं, मग रडू का येतंय? माझं चुकलं की काय?’ सुटका आणि दुःख एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात. त्यात गरोदरपणातली संप्रेरकं झपाट्याने उतरत असतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत चिडचिड आणि रडवेलेपणा वाढू शकतो. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे निर्णय चुकला, असा अर्थ काढू नका.

‘गर्भपात केला की बाई आयुष्यभर खचते’ हा समज संशोधनात टिकलेला नाही. अमेरिकेत डायना ग्रीन फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ राज्यांतल्या ३० केंद्रांत आलेल्या सुमारे एक हजार स्त्रियांची पाच वर्षं माहिती घेतली. काहींचा गर्भपात झाला होता, काहींना मुदत उलटल्यामुळे नकार मिळाला होता. गर्भपात झालेल्यांमध्ये नैराश्य जास्त आढळलं नाही. उलट सुरुवातीला चिंता जास्त होती ती नकार मिळालेल्यांना. गर्भपात झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणींना पाच वर्षांनीही आपला निर्णय योग्यच वाटत होता. ब्रिटनमध्ये २०११ साली झालेल्या आढाव्यात दिसलं, की नंतर त्रास होईल का, हे सर्वांत जास्त ठरतं ते आधीपासून मानसिक आजार होता का, यावर.

तरीही काहींना हे दिवस फार जड जातात. नवऱ्याच्या किंवा घरच्यांच्या दबावाखाली गर्भपात करावा लागलेली, घरात मार खाणारी, कुणालाच काही सांगू न शकलेली. आणि हवंहवंसं बाळ असताना सोनोग्राफीत गंभीर व्यंग निघालेली. पाचव्या महिन्यात गर्भपात झाल्यावर छातीत दूध उतरू शकतं. ब्लाउज ओला होतो आणि कुशीत कुणी नसतं. हा शोकच आहे. त्याला शोकासारखीच जागा आणि वेळ द्यायला हवा.

अपराधीपणाला खतपाणी घालणारा एक घोळही दूर करू. दवाखान्याच्या भिंतीवरची गर्भलिंगनिदानाविरुद्धची पाटी वाचून कायदेशीर गर्भपात केलेली बाईही स्वतःला गुन्हेगार समजू लागते. लिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. गर्भपाताचा १९७१ चा कायदा वेगळा. त्यात बाईच्या मानसिक आरोग्याला होणारी गंभीर इजा हेही गर्भपाताचं वैध कारण मानलं आहे. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती पुरते, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ‘आता पुन्हा दिवस राहतील ना?’ ही धास्तीही अनेकींना पोखरते. सुरक्षित, नीट झालेल्या गर्भपाताने सहसा वंध्यत्व येत नाही.

मदत कधी घ्यायची? दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहतात, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका.

घरच्यांनो, ‘झालं ते झालं, विसर आता’ हे वाक्य टाळा. ‘आज कसं वाटतंय?’ एवढं विचारा आणि उत्तर मधेच न तोडता ऐकून घ्या. नवऱ्याने आठवडाभर डब्यांचं काम अंगावर घ्यावं, पुढच्या तपासणीला सोबत जावं. तिला कुणापुढे मन मोकळं करायचं असेल, तर ते माणूस तिला निवडू द्या. गर्भपात करून आलेल्या बाईलाही विश्रांती, गरम जेवण आणि मायेची विचारपूस हवी. बाळंतिणीसाठी आपल्याला हे सगळं करता येतं; ते हिच्यासाठीही करू या.

(पुढच्या भागात : गर्भपातानंतर कोणतं गर्भनिरोधक, आणि कधीपासून?)