घरगुती रसायने आणि जमिनीलगतचे जीवन : पुणे शहराच्या संदर्भात

प्रस्तावना :

स्वच्छता व कीटकनियंत्रण यांसाठी आज प्रत्येक शहरी घरात अनेक रसायने वापरली जातात. फिनाईल, ब्लीच, टॉयलेट क्लीनर, डासांची कॉईल, उंदरांचे औषध, डांबरगोळ्या ही त्यांतील नित्य परिचयाची नावे होत. नित्य परिचयामुळेच त्यांच्याविषयीची सावधता कमी होते. फेब्रुवारी 2020 मध्ये पुण्यातील बिबवेवाडी भागात घरात पेस्ट कंट्रोल करून घेतल्यानंतर एका दांपत्याचा मृत्यू झाला. कीटक मारण्यासाठी आणलेले द्रव्य बंद घरात माणसांच्याही जिवावर उठू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. ती माणसे प्रौढ होती. ज्यांना धोका ओळखता येत नाही व सांगताही येत नाही, अशा रांगत्या मुलांचे आणि पाळीव प्राण्यांचे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

जमिनीलगत धोका अधिक का ?

याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण भौतिक आहे. क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, तर फॉस्फीन किंचित जड असतो. त्यामुळे हवा खेळती नसल्यास असे वायू खालच्या थरात साचू शकतात. दुसरे कारण शारीरिक आहे. लहान मूल वजनाच्या प्रमाणात प्रौढापेक्षा अधिक हवा श्वासावाटे घेते. तिसरे कारण वर्तनाचे आहे. मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि मांजर आपले पंजे व अंग चाटून स्वच्छ करते. ज्या फरशीवरून आपण चपला घालून जातो, तीच फरशी त्यांच्या पोटात जाते.

प्रमुख धोके :

1) मिश्रणाचा धोका : ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराईट असते, तर अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू मुक्त होतो व श्वसनमार्गाचा दाह होतो. अमोनियायुक्त द्रव्यात ब्लीच मिसळल्यास क्लोरामाईन हे विषारी वायू तयार होतात. 'दोन औषधे घातली की अधिक स्वच्छ' ही समजूत म्हणूनच घातक आहे.

2) धुराचा धोका : 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, डासांच्या एका कॉईलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरतात. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये कार्यरत असताना डॉ. संदीप साळवी यांनीही या धुराकडे लक्ष वेधले होते. दारे-खिडक्या लावून, पाळण्याखाली कॉईल लावण्याची सवय या दृष्टीने विचारात घेतली पाहिजे.

3) कीटकनाशके व उंदरांची औषधे : ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीस हवेतील ओलावा लागला की फॉस्फीन वायू निर्माण होतो. त्यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. म्हणूनच भारतात त्याच्या विक्रीवर व वापरावर कडक निर्बंध आहेत. ढेकणांसाठी अशा गोळ्या निवासी खोलीत ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. झिंक फॉस्फाईड जठरातील आम्लाशी संयोग पावून हाच वायू सोडते. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. त्यांची लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्यामुळे कुत्र्याने वडी खाल्ल्याचे अनेकदा उशिरा कळते.

4) मांजरांची विशेष असुरक्षितता : फिनॉलयुक्त द्रव्यांचा निचरा करणारी यकृतातील प्रक्रिया मांजरांत अत्यंत दुर्बल असते. त्यामुळे फिनाईलने पुसलेली ओली फरशी त्यांना बाधू शकते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजरास लावल्यास झटके येऊन मृत्यूही ओढवू शकतो.

5) डांबरगोळ्या : ट्रंकेत नॅप्थॅलीनच्या गोळ्यांसह ठेवलेली दुपटी व झबली न धुता, उन्हात न घालता बाळास वापरल्यास, 'जी-6-पी-डी' या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते.

प्रतिबंध व प्रथमोपचार :

कीटकनाशकांच्या वेष्टनावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण छापण्याचे 1971 च्या नियमांनी ठरवून दिले. लाल रंग सर्वाधिक विषारीपणा दर्शवितो. परंतु हिरवा रंग निर्धोकपणाची हमी देत नाही. पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांकडे परवाना आहे का, कोणते रसायन वापरणार व किती तास घराबाहेर राहावयाचे, हे आधी विचारावे. परतल्यावर प्रथम सर्व खिडक्या उघडाव्यात, आणि फरशी पुसल्यानंतरच मुलांना व प्राण्यांना आत आणावे. रॉकेल किंवा ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

विषबाधेची शंका आल्यास बाधिताला मोकळ्या हवेत न्यावे. डोळ्यांत वा त्वचेवर द्रव्य गेल्यास वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावे. रॉकेल, आम्ल किंवा अल्कली पोटात गेल्यास उलटी करवू नये. रॉकेल फुप्फुसात शिरते, तर दाहक द्रव्य अन्ननलिकेस पुन्हा भाजते. मूळ बाटली बरोबर घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे. प्राण्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा 1800116117 हा निःशुल्क क्रमांक घरात ठळकपणे लावून ठेवावा.

समारोप :

रसायनांवाचून आजचे घर चालणे कठीण आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि, ती किती वापरावीत, कशात मिसळू नयेत आणि कोठे ठेवावीत, हे आपल्या हाती आहे. त्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी ठरावी : द्रव्य वापरण्यापूर्वी क्षणभर फरशीवर बसून, रांगणाऱ्या मुलाच्या आणि पायाशी झोपलेल्या प्राण्याच्या उंचीवरून आपल्या घराकडे पाहावे. त्या उंचीवर जे घर सुरक्षित आहे, तेच खऱ्या अर्थाने स्वच्छ म्हणता येईल.