भीतीची शिडी

बालमित्रांनो, आकाशातून विमान गेलं, की तुम्ही माना वर करून टाटा करता ना? पण त्याच विमानात बसायचं म्हटलं, की काही मोठ्या माणसांना दरदरून घाम फुटतो. छाती धडधडते, पोटात गोळा येतो. काही जण तर तिकीट काढूनही घरीच राहतात!

नेदरलँड्सचा डेनिस बर्गकॅम्प हा नावाजलेला फुटबॉलपटू. हजारो प्रेक्षकांसमोर त्यानं एकाहून एक सुंदर गोल केले. पण १९९४ च्या विश्वचषकानंतर त्यानं विमानात बसणंच सोडलं. पुढे इंग्लंडच्या आर्सेनल संघात असताना त्याला परदेशातल्या काही सामन्यांना मुकावं लागलं. तेव्हा भीती वाटणाऱ्याला लगेच ‘भित्रा’ म्हणू नका हं!

राखणदाराची घंटा

आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटासा भाग आहे. त्याचं नाव अमिग्डाला. हा आपला राखणदार. संकटाची शंका आली, की तो घंटा वाजवतो. पण कधी कधी हा राखणदार मांजर पाहूनही ‘चोर, चोर’ म्हणून ओरडतो! आपण पळालो, की त्याला वाटतं, ‘पळालो म्हणून वाचलो.’ मग पुढच्या वेळी तो आणखी जोरात ओरडतो. पळण्यानं भीती वाढते ती अशी.

पीटर आणि ससा

यावर उपाय काय? १९२४ साली अमेरिकेतल्या मेरी कव्हर जोन्स या बाईंनी एका लहान मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. पीटर सशाला फार घाबरायचा. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला जाई. मग हळूहळू जवळ, आणखी जवळ. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला! पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी याच धर्तीवरची उपचारपद्धती पुस्तकातून मांडली.

एकेक पायरी

आजही विमानाला घाबरणारा माणूस मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला, की दोघं मिळून भीतीची शिडी तयार करतात. प्रत्येक पायरीला भीतीचे गुण द्यायचे, ० ते १००. विमानाचं चित्र पाहणं, समजा १० गुण. विमानतळावर जाऊन विमानं पाहणं ४०. प्रत्यक्ष उड्डाण १००! एका पायरीवर भीती ओसरली, की मगच पुढची. सोबत सावकाश श्वास सोडायला शिकवतात.

मनातले विचारही तपासतात. उड्डाणानंतर ‘धाड्’ असा आवाज येतो. काही तुटलं का? छे! विमानानं चाकं पोटात घेतलेली असतात. विमान हलतं, कारण हवेतही लाटा असतात. पट्टा बांधून बसावं, बस्स!

गंमत म्हणजे, खोट्या विमानातही हा सराव होतो. डोळ्यांवर खास यंत्र चढवलं, की समोर संगणकानं तयार केलेलं विमान दिसतं. बार्बारा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. खऱ्या विमानात नेऊन केलेल्या सरावाइतकाच या सरावाचाही उपयोग झाल्याचं त्यात दिसलं.

पालकांसाठी दोन शब्द

पूर्वी पोहायला शिकवताना काही जण मुलाला सरळ विहिरीत ढकलत. काही जण मात्र पाठीला डबा बांधून हळूहळू शिकवत. भीती घालवायची ती डबा बांधूनच! ‘एवढ्याला काय घाबरायचं?’ असं चारचौघांत हसलं, तर मूल भीती लपवायला शिकतं, घालवायला नाही. भीतीमुळे शाळा, झोप किंवा खेळ बिघडत असेल, तर तज्ज्ञांना जरूर भेटा. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि मुलांनो, अंधार असो वा स्टेजवरचं भाषण, आई-बाबांच्या मदतीनं तुम्हीही एक शिडी काढून बघा. पहिली पायरी अगदी छोटी ठेवा. चढायचं आहे तुम्हालाच, शिडी धरायला मोठी माणसं आहेतच!