खटक्याची ताकद, पोलादाचा चिवटपणा

मिटणाऱ्या चाकूने दोरी कापताना त्याच्या खटक्यावर जवळजवळ काहीच भार येत नाही. धारेवरचा दाब पात्याला आणखी उघडायला बघतो आणि तो दाब मुठीतली एक आडवी पिन झेलते. खटक्याची खरी परीक्षा उलट दिशेने होते. टोक लाकडात रुतले आणि हात रेटत राहिला, किंवा पात्याची पाठ कशावर तरी आपटली, की पाते बोटांच्या दिशेने मिटू लागते. अशा वेळी धार आणि बोटे यांच्यामध्ये दीड-दोन मिलिमीटर जाडीचा धातूचा एक तुकडा तेवढा असतो. एवढ्याशा जागेत केवढे यंत्रशास्त्र सामावले आहे, हे पाहून थक्क व्हायला होते.

पिंपरी-चिंचवडच्या रहाटणी, काळेवाडी, भोसरी भागात ज्यांची शिफ्ट मशीनवर जाते, त्यांना पुढचा हिशेब नवा वाटणार नाही, कारण तो टॉर्कचा आहे. पात्याच्या पाठीवर, पिव्होटपासून (पाते ज्या पिनवर फिरते तिथून) 100 मिलिमीटरवर, 20 किलोचा भार पडला असे धरू. खटका पात्याच्या बुडाला जिथे टेकतो ती जागा पिव्होटपासून जेमतेम 10 मिलिमीटरवर असते. म्हणजे तिथे दहापट, 200 किलोचा रेटा. टेकण्याची जागा दीड मिलिमीटर जाड आणि तीन मिलिमीटर रुंद असेल, तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे 44 किलो. नरम अवस्थेतले 304 स्टेनलेस स्टील याच्या निम्म्या ताणालाच कायमचे दबू लागते. बाजारातल्या स्वस्त चाकूचा खटका काही महिन्यांत सैल का पडतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

खटक्यांच्या जाती अनेक. स्विस आर्मी चाकूच्या नेहमीच्या लहान आवृत्तीत खटका नसतोच; पाठीची स्प्रिंग पात्याला फक्त दाबून धरते आणि जोर लावला की पाते मिटते. फ्रान्सच्या सावोआ भागातल्या ओपिनेल चाकूलाही 1890 पासून खटका नव्हता. 1955 साली मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या गळ्याशी एक फिरणारे पोलादी कडे बसवले. कडे फिरवले की पात्याची वाट बंद. इतकी कमी हलणारी अंगे असलेली आणि इतकी भरवशाची दुसरी रचना मला ठाऊक नाही.

या चाकूचा एक धागा आपल्या दारावरून जातो. रहाटणीजवळून वाहणारी पवना पुढे दापोडीला मुळेला मिळते. त्या दापोडीत मुंबई-पुणे रस्त्यालगत सँडविक एशियाचा कारखाना अनेक दशके उभा आहे. टर्नरला सँडविक म्हटले की कार्बाइडचे इन्सर्ट आठवतात. पण गोरान फ्रेड्रिक गोरान्सन यांनी 1862 साली स्वीडनमध्ये उभारलेला मूळ उद्योग पोलादाचा, आणि त्याच घराण्याचे 12सी27 हे पोलाद चाकूंच्या जगात नावाजलेले आहे. त्यात कार्बन सुमारे 0.6 टक्के आणि क्रोमियम 13.5 टक्के. ओपिनेलची स्टेनलेस पाती याच जातकुळीच्या पोलादाची असतात. 2022 साली सँडविकने हा पोलादाचा व्यवसाय ॲलिमा या नावाने वेगळा केला.

खटक्यांमध्ये आज सर्वांत जास्त दिसतो तो लायनर लॉक. मुठीच्या आतल्या पातळ पट्टीचा एक भाग वाकवून स्प्रिंगसारखा ठेवतात. पाते उघडताच तो आत सरकून बुडाखाली अडतो. अमेरिकी कारागीर मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. या खटक्याचे सगळे यश एका तिरकसपणात आहे. बुडाचे तोंड साधारण 7 ते 10 अंशांनी तिरके घासलेले असते. कोन लहान ठेवला तर पट्टी इतकी घट्ट बसते की अंगठ्याने हलत नाही. मोठा ठेवला तर धक्का बसताच ती घसरून बाहेर येते. ड्रिल मशीनचा मोर्स टेपर नुसत्या घर्षणावर शँक पकडून ठेवतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. म्हणून तेल पिव्होटला द्यावे, खटक्याच्या तोंडाला कधीही नाही. तेलाने घर्षण घटते आणि जो कोन कोरडा असताना धरतो तोच सुटतो. लायनर लॉक फसतो तेव्हा पट्टी बहुधा तुटलेली नसते, घसरलेली असते.

इथे ताकद आणि चिवटपणा वेगळे करावे लागतात. ताकद म्हणजे सावकाश वाढणारा भार न वाकता सोसणे. चिवटपणा म्हणजे अचानक बसलेला धक्का न तुटता पचवणे. जॉर्ज शार्पी यांच्या नावाची चाचणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हेच मोजते. 10 बाय 10 बाय 55 मिलिमीटरच्या कांडीला दोन मिलिमीटर खोल खाच पाडायची, लंबकाच्या हातोड्याने एका फटक्यात तोडायची आणि किती ऊर्जा खर्ची पडली ते पाहायचे. ज्या पोलादाची ताकद भरपूर, ते या फटक्याला काचेसारखे तुटू शकते.

बेअरिंगचे ईएन31 पोलाद घ्या. चिंचवडच्या एसकेएफमुळे बेअरिंग हा शब्द या पट्ट्यात घरोघरी पोचलेला आहे. एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचे हे पोलाद तेलात विझवले की त्याचा कडकपणा 60 रॉकवेलच्या पुढे जातो, पण टेम्परिंग न करता पाते केले तर पडल्यावर टोक गेलेच समजा. मग ते पुन्हा 150 ते 200 अंशांवर तापवायचे. साध्या कार्बन पोलादाचा घासलेला तुकडा तापवताना रंगच सांगतात: 220 अंशांच्या आसपास फिकट पिवळा, 255 ला तपकिरी, 280 ला जांभळा, 300 ला निळा. धारेला पिवळ्यावर थांबवतात आणि स्प्रिंगला निळ्याकडे किंवा त्याच्याही पुढे नेतात. त्यामुळे चांगल्या चाकूत पाते 57 ते 60 रॉकवेल आणि खटक्याची स्प्रिंग 45 च्या आगेमागे असते. एकाच चाकूत दोन स्वभावांचे पोलाद, ही मला या वस्तूतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

शार्पीच्या कांडीतली ती खाच चाकूतही लपलेली असते. ज्या चाकूचा खटका मुठीच्या पाठीत असतो, त्याच्या पात्याच्या बुडात काटकोनी खोबण करतात आणि तडा नेमका त्या आतल्या कोपऱ्यातून निघतो. ड्रॉइंगवर अर्ध्या मिलिमीटरची त्रिज्या लिहून कोपरा गोल केला, तर तेच पोलाद कितीतरी जास्त धक्के सोसते. अमेरिकेच्या अँड्र्यू डेम्को यांनी ट्राय-ॲड लॉकमध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी खटका आणि बुड यांच्या मध्ये एक आडवी पिन घातली, त्यामुळे भार पिनवर उतरतो आणि झीज झाली तरी बैठक ढिली होत नाही.

विकत घेताना पाते उघडून, बोटे धारेच्या वाटेतून काढून, पाठीवर तळव्याने दाब वाढवत न्यावा. खटका हलला तर तो चाकू ठेवून द्यावा. पाठ टेबलावर आपटून पाहण्याची रीत मात्र चांगल्या खटक्याचेही तोंड चेपवते. आणि खिशात घालून निघण्याआधी पोलिसांचा आदेश पाहावा: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्तालये ठरावीक मुदतीसाठी शस्त्रे बाळगण्यावर बंदी घालतात, आणि 2018 पासून रहाटणी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत येते.