रंगावर जाऊ नका: समुद्रकाकडीची ओळखपरेड

लक्षद्वीप फिरून आलेल्या मराठी मंडळींच्या मोबाइलमध्ये एक फोटो बहुधा असतोच. गुडघाभर नितळ पाणी, पांढरी वाळू आणि तिच्यावर निपचित पडलेला वीतभर काळा जीव. खाली लिहिलेलं असतं ‘सी कुकंबर’. म्हणजे कावळ्याच्या फोटोखाली नुसतं ‘पक्षी’ लिहावं तसं. जगात समुद्रकाकडीच्या सुमारे १७०० जाती आहेत. त्यांतली ही कोणती, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘अहो, ती काळी.’

‘काळी’ ही जात नव्हे, इथूनच सुरुवात करू. त्या लगूनमध्ये निदान दोन काळ्या जाती शेजारी नांदतात. होलोथुरिया ॲट्रा उघड्यावर पडून असते. अंगाला वाळू माखून घेते, पण पाठीवर दोन रांगांत गोल जागा कोऱ्या सोडते, थालीपिठाला बोटानं भोकं पाडावीत तशा. तिची कातडी चोळली की बोटाला लालसर जांभळा रंग लागतो. दुसरी होलोथुरिया ल्यूकोस्पिलोटा. ही मागचं टोक दगडाखाली रोवून ठेवते आणि पुढचं अंग ताणून आजूबाजूला चरते. अंगावर मऊ, लांबट उंचवटे असतात. तिला डिवचलं तर ती गुदद्वारातून पांढऱ्या चिकट शेवया बाहेर फेकते.

‘आतडी बाहेर टाकली’ असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा या शेवया बघून. त्या आतडी नव्हेत. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांच्या नावानं ओळखला जाणारा तो वेगळा अवयव आहे, क्यूव्हिएच्या नलिका. काम एकच, शत्रूला चिकटवून गुंतवून टाकणं. ॲट्राकडे या नलिका मुळात नसतातच. तेव्हा रंग एकच असला तरी एकीकडे हत्यार आहे, दुसरीकडे नाही.

(चोळण्याडिवचण्याचे हे प्रयोग परवाना असलेल्या अभ्यासकांचे. भारतानं २००१ मध्ये साऱ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. पर्यटकानं फोटो काढावा आणि हात पाठीशी ठेवावेत.)

रंग दुसऱ्या बाजूनंही फसवतो. होलोथुरिया लेसोनी या जातीतले काही जीव काळे, काही फिकट पिवळसर, काही ठिपक्याठिपक्यांचे असतात. तिला बरीच वर्षं स्काब्रा या जातीचा एक रंगीबेरंगी प्रकार समजत होते. स्वतंत्र जात म्हणून तिला नाव मिळालं ते थेट २००९ मध्ये. म्हणजे तीन रंग आणि जात एक, किंवा रंग एक आणि जाती दोन, असे दोन्ही घोटाळे या कुळात मुबलक आहेत.

मग लांबी, जाडी? त्यांचाही भरवसा नाही. या प्राण्याची कातडी ज्या तंतूंची बनलेली असते ते तो मर्जीप्रमाणे सैल किंवा ताठ करू शकतो. हातात घेतलेला लोळागोळा दोन मिनिटांत दगडासारखा होतो. त्यामुळे ‘तीस सेंटिमीटरची होती’ या माहितीला काकडी त्या क्षणी कोणत्या मनःस्थितीत होती, एवढाच अर्थ.

एक गैरसमज नावातच दडलेला आहे. ती वनस्पती नाही हे आता बहुतेकांना ठाऊक असतं, पण तिला अळी किंवा जळू मानणारे अजून भेटतात. तमिळ मच्छीमार तिला ‘कडल अट्टै’, समुद्रातली जळू, म्हणतात. प्रत्यक्षात ती तारामासा आणि समुद्री साळू यांची सख्खी नातलग, कंटकचर्मी. कोशिंबिरीसाठी घरची काकडी आडवी चिरली की बियांचे तीन भाग दिसतात. समुद्रातलीचा आडवा छेद घेतला तर स्नायूंचे पाच पट्टे दिसतात, तारामाशाच्या पाच बाहूंच्या हिशेबानं. फक्त ही बाई कुशीवर आडवी झालेली आहे. तीन पट्टे जमिनीकडे, दोन पाठीकडे. म्हणून पोटाकडे चालण्याचे नळीसारखे पाय दाट असतात आणि पाठीकडे त्यांचेच उंचवटे झालेले असतात. ते उंचवटे कसे आहेत, हे ओळखीला उपयोगी पडतं. थेलेनोटा अननस या जातीच्या पाठीवर ते चांदणीसारखे फाकलेले असतात. होय, शास्त्रीय नावातला ‘अननस’ तो आपलाच, बाजारातला. स्टिकोपस क्लोरोनोटसचा आडवा छेद तर जवळपास चौकोनी असतो आणि उंचवटे त्याच्या कडांवर ओळीनं उभे.

पाय नसलेल्याही आहेत. सायनॅप्टा मॅक्युलाटा तीन मीटरपर्यंत लांब होते आणि पोहणाऱ्यांची घाबरगुंडी उडवते, ‘साप, साप!’ सापाला तोंडाभोवती पिसांसारखे संस्पर्शक नसतात, एवढं आठवलं तरी पुरे. हे संस्पर्शक पाहणं म्हणजे निम्मी ओळख. ढालीसारखे, टोकाला पसरट असतील तर काकडी वाळू-चिखल चाटून खाणाऱ्यांपैकी आहे. आपल्या वर आलेल्या होलोथुरिया मंडळींत ते बहुधा वीस असतात. झाडासारखे फांद्याफांद्यांचे असतील तर पाण्यातले कण गाळून खाणाऱ्यांपैकी, आणि आकडा बहुधा दहा. पिसांसारखे असतील तर बिनपायांची सायनॅप्टा मंडळी.

आता दात. तोंडात शोधू नका. ॲक्टिनोपायगा या प्रजातीला पाच कठीण दात असतात आणि ते गुदद्वाराभोवती असतात. हे वाचून हसू येणं साहजिक आहे, पण ओळखीच्या दृष्टीनं इतकी सरळ खूण दुसरी नाही. समुद्रकाकडी श्वासही याच वाटेनं घेते. पाणी आत ओढून झाडासारख्या फुटलेल्या श्वसननलिकांत खेळवते. त्या वाटेनं मोती-मासा नावाचा बारीक मासा आत शिरून बिऱ्हाड थाटतो. दात हे त्या पाहुण्याला अडवण्यासाठी असावेत, असं मानतात.

एवढं सगळं पाहूनही जात ठरत नाही, तेव्हा तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाकडे वळतात. आणि इथे सगळ्यात मोठा गैरसमज मोडतो: समुद्रकाकडीला सांगाडा नसतो, हा. असतो. तो फुटून कातडीभर विखुरलेला असतो, चुन्याच्या लाखो सूक्ष्म कणिकांच्या रूपात. कातडीचा मोहरीएवढा तुकडा काचपट्टीवर ठेवायचा, घरात असतं तसं ब्लीच दोन थेंब टाकायचं. मांस विरघळतं, पाण्यानं हलकेच धुतलं की कणिका उरतात. त्यांचं पहिलं दर्शन विसरता येत नाही. भोकाभोकांची चकती आणि तिच्या मधोमध उभा मनोरा, म्हणजे झाऱ्यावर दीपमाळ उभी केल्यासारखी. शास्त्रात तिला नाव आहे ‘टेबल’. शेजारी भोकांची ‘बटणं’, कुठे पाकळ्या फुटलेल्या फुलासारखे ‘रोझेट’, कुठे नुसत्या काड्या. सायनॅप्टाच्या कातडीत चक्क नांगर असतात, बोटाला ती चिकट लागते ती त्यांच्यामुळेच. स्टिकोपसच्या कातडीत इंग्रजी सी आणि एस या अक्षरांच्या आकाराच्या काड्या सापडतात.

मघाच्या दोन काळ्या इथे कायमच्या वेगळ्या होतात. ॲट्रात टेबलं आणि रोझेट, बटणं नाहीत. ल्यूकोस्पिलोटात टेबलं आणि बटणं. स्काब्राची बटणं गाठीगाठींची. ॲक्टिनोपायगात काड्या आणि रोझेट, टेबल एकही नाही.

‘मग झालं की, कणिका बघितल्या की नाव कळलं!’ हा जाणकारांचा गैरसमज, म्हणून जास्त धोक्याचा. पाठीच्या कणिका वेगळ्या, पोटाच्या वेगळ्या, पायांच्या आणि संस्पर्शकांच्या आणखी वेगळ्या. पिल्लाच्या कातडीतले आकार मोठेपणी बदलतात. एकाच जागचा तुकडा घेऊन निकाल देणारा माणूस कागदपत्राचं एकच पान वाचून जमिनीचा व्यवहार करतो. शिवाय नमुना कशात ठेवला यावरही बरंच अवलंबून. फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि चुना आम्लात विरघळतो. बरणीवरची चिठ्ठी शाबूत, आत प्राणी गुबगुबीत, आणि कातडीत एकही कणिका नाही. म्हणून नमुना अल्कोहोलमध्ये ठेवायचा. त्याआधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात गुंगी द्यायची, नाहीतर संस्पर्शक आत ओढले जातात.

आतडी बाहेर टाकण्याची सवय मात्र खरी आहे, आणि तिचा ओळखीशी थेट संबंध आहे. होलोथुरियासारख्या जाती ती मागून टाकतात. फांद्यांच्या संस्पर्शकांवाल्या पुढून टाकतात, आणि त्याबरोबर संस्पर्शक आणि घशाभोवतीचं चुन्याचं कडं दोन्ही जातं. म्हणजे घाईत पकडलेला प्राणी आपलं ओळखपत्रच फेकून देतो. काही महिन्यांत त्याला ते परत उगवतं, अभ्यासकाला नाही.

ही बारीक खटपट कशाला, असं वाटेल. चिनी भाषेत तिला ‘हायशेन’, समुद्रातला जिनसेंग, म्हणतात आणि वाळवलेल्या मालाला मोठा भाव आहे. मन्नारच्या आखातातून स्काब्राची निर्यात बंदीपूर्वी वर्षानुवर्षं चालली. आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत होलोथुरियाच्या तीन जाती गेल्या, २०२२ च्या पनामा परिषदेत थेलेनोटाच्या तीन. नियंत्रण जातीवर आहे, आणि बंदरावर पोत्यातून निघतात ते उकळून वाळवलेले, आक्रसलेले, एकसारखे तपकिरी तुकडे. रंग गेलेला, संस्पर्शक आत ओढलेले, आतडी काढून टाकलेली. होलोथुरियाच्या त्या तीनांतल्या दोन काळ्या जाती, हिंदी महासागरातली नोबिलिस आणि प्रशांतातली व्हिटमाई, २००४ पर्यंत एकच समजल्या जात होत्या.

चुना मात्र उकळल्यानं जात नाही. स्काब्राच्या बाबतीत अडचण अशी की तिची बाहेरची खडूसारखी साल वाळूत पुरून, घासून काढलेली असते. मग तपासणारा घासणीतून सुटलेली सुरकुती शोधतो, तिथून नखाएवढं खरवडतो आणि ब्लीचची बाटली उघडतो.