शाळेची समिती : पुन्हा उभे राहणाऱ्याला काय विचारावे?



आपल्या शाळेची व्यवस्थापन समिती यंदा नव्याने निवडायची आहे. पालकसभेची सूचना फलकावर लागली, तेव्हा दुसरीतल्या एका मुलाने मला विचारले, "ताई, समिती म्हंजे काय गं? ती मारती का?" बाई हसल्या आणि मला म्हणाल्या, "यावरच एक लेख लिही." म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझी आई मागच्या समितीत होती आणि यंदा ती पुन्हा उभी राहणार आहे. मागून कोणी म्हणायला नको, की लेकीने भिंतीवर आईचा प्रचार केला!

समिती म्हणजे काय?

आपल्या देशात २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फी न घेता शिकवायचे, हे या कायद्यातले वाक्य सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातले २१ वे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. ते म्हणते, की शाळेवर देखरेख करायला समिती हवी आणि तिच्यात चारातले तीन जण पालकच हवेत. शिवाय निम्म्या जागा बायकांच्या.

आता गणित करू. आपली समिती १६ जणांची आहे. १६ चे तीन चतुर्थांश म्हणजे १२ पालक. १६ च्या निम्म्या म्हणजे ८ बायका. राहिलेल्या चार जागांवर ग्रामपंचायतीचे एक सदस्य, एक शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली गावातली माणसे असतात. मोठे गुरुजी सचिव असतात. अध्यक्ष मात्र पालकांतूनच होतो. दर दोन वर्षांनी समिती नव्याने निवडतात.

समितीची मुख्य कामे तीन आहेत. शाळा नीट चालते का ते बघणे, शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेला पैसा कुठे गेला ते बघणे. उदाहरण देते. समग्र शिक्षा अभियानाच्या नियमाप्रमाणे ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये अनुदान ठरलेले आहे. त्यातला निदान दहावा हिस्सा, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. खडू, झाडू, विजेचे बिल, गळके पत्रे सारे त्या २५ हजारांत बसवायचे. कोणते काम आधी आणि कोणते मागाहून, हे समितीने ठरवायचे.

ही रीत आजची नाही

शाळेचा कारभार लोकांनी बघावा ही गोष्ट आपल्या भागाला नवीन नाही. १९२३ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि गावोगावच्या शाळा लोकल बोर्डांच्या हाती आल्या. जिल्ह्याला स्कूल बोर्ड असे. म्हणून आमचे आजोबा अजून आपल्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणतात. तेव्हा सातारा आणि सांगली असे वेगळे जिल्हे नव्हते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या.

पण जिथे बोर्डाची शाळाच नव्हती, त्या गावांचे काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९३८ नंतर या संस्थेने लहान लहान गावांत शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या. रयतेच्या कामासाठी बायका रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. त्याला मुष्टिफंड म्हणत. ज्या बाईने मूठभर जोंधळा दिला, तिला शाळेचे कसे चालले आहे हे विचारायचा हक्क होताच की! आज आपल्याकडे कोणी धान्य मागत नाही. आज पालकांनी वेळ द्यायचा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २०२२ च्या मार्चमध्ये सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात शाळेबद्दल गाऱ्हाणे सांगायला निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्यच नव्हता. शाळेची समिती मात्र होती. म्हणजे ही लहानशी समिती किती कामाची आहे ते बघा.

पुन्हा कोणाला उभे राहता येते?

पालक म्हणून समितीत यायचे तर आपले मूल या शाळेत शिकत असायला हवे. मी यंदा सातवीत आहे, पुढच्या वर्षी हायस्कूलला जाणार. पण माझा भाऊ तिसरीत आहे, म्हणून आईला उभे राहता येते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील समितीत फार चांगले काम करायचे. पण तो शेंडेफळ आहे. तो शाळेतून गेला की त्याचे वडीलही समितीतून जाणार. म्हणून जुन्या सदस्यांनी नव्यांना काम शिकवून ठेवले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. जुना सदस्य पुन्हा उभा राहिला तर काय करायचे? आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. कोणीतरी म्हणतो, "हायत तीच राहू द्या, कशाला वाद?" नाहीतर कोणीतरी म्हणतो, "ते झाले की एकदा, आता आमच्या आळीचा माणूस घ्या." या दोन्हींत शाळा कुठेच नाही. मोठ्या गुरुजींना विचारून मी चार प्रश्न काढले आहेत. ते असे :

१) मागच्या वेळी तुम्ही काय करतो म्हणाला होता?
२) दोन वर्षांत किती सभांना आला?
३) पैसा कशावर गेला, ते तुम्हाला सांगता येते का?
४) जे झाले नाही, ते का झाले नाही?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घ्यायची गरज नाही. प्रत्येक सभेचे लिखाण प्रोसिडिंगच्या वहीत असते आणि खाली सह्या असतात. मोठ्या गुरुजींनी मला ती वही दाखवली.

आईची परीक्षा

रात्री आई भाकरी थापत होती. मी वही-पेन्सिल घेऊन चुलीजवळ बसले आणि म्हटले, "आई, मी पालक आणि तू उमेदवार. सांग."

सभांचे मी आधीच मोजले होते. २४ सभांपैकी १७ सह्या आईच्या. बाकी सातांचे विचारले तर म्हणाली, "हळद शिजवायच्या दिवसांत कसं यायचं गं? सभेला आलं की अर्ध्या दिवसाची मजुरी जाती." हे खरे आहे. सभा दुपारी असते आणि समितीच्या सदस्याला पगार नसतो. मोठे गुरुजी म्हणाले, की सभा संध्याकाळी घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांत हे कोणी मागितलेच नव्हते!

मागच्या वेळी आईने तीन कामे सांगितली होती. पहिले, मुलींच्या संडासात पाणी. ते झाले. अनुदानातल्या पैशात पाइप आणि तोट्या आल्या, टाकी ग्रामपंचायतीने दिली. आता आम्ही मुली घरून बाटली आणत नाही.

दुसरे, पोषण आहाराची खिचडी रोज एका आईने आधी चाखून बघायची. त्याची पाळी भिंतीवर लावली होती. जूनपासून दिवाळीपर्यंत ती चालली, मग भांगलण आणि सुगी आली आणि बंद पडली. आई म्हणाली, "हे अर्धं झालं असं लिही."

तिसरे काम ऊसतोड कामगारांच्या मुलांचे. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतात आणि बीडकडच्या टोळ्या आपल्या शिवारात येऊन खोप्या घालतात. त्यांच्याबरोबर आपल्याएवढी मुले असतात. कायदा सांगतो, की वर्षाच्या मध्येच आले म्हणून किंवा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला परत पाठवता येत नाही. त्याच्या वयाच्या वर्गात त्याला बसवायचे. आई खोप्यांवर गेली. पाच मुले शाळेत आली, त्यातली दोन माझ्या भावाच्या वर्गात होती. महिन्याभराने पाचही यायची थांबली. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला खोपीवर राहिल्या आणि त्यांचे बघून बाकीचेही.

मी चौथा प्रश्न विचारला. आई थोडा वेळ बोललीच नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मी दोनदा गेले खोपीवर. तिसऱ्यांदा जायला पायजे होतं, गेले न्हाई. तेवढं माझ्याकडनं चुकलं."

"हे तू सभेत सांगणार?"

"व्हय. सगळ्यांम्होरं सांगणार."

"मग लोक तुला निवडतील का?"

"निवडतील न्हाईतर न्हाई. दुसरी कुणी खोपीवर जाते म्हणाली, तर तिलाच निवडू दे. मी बी हात वर करीन."

मला आधी राग आला. आईने हे सांगितले नाही तर कोणाला कळणार होते? टोळीतली माणसे काही सभेला येणार नाहीत. त्यांची मुले आपल्या हजेरीपटावर होती, म्हणजे तीही पालकच झाली. वंचित घरांतल्या पालकांना समितीत त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी असे तर कायदाच म्हणतो. पण आपली सभा होते तेव्हा हंगाम संपून ती माणसे गावी गेलेली असतात. मग मला कळले, की जे विचारायला येऊ शकत नाहीत, त्यांचा हिशेब आपण होऊन द्यावा लागतो. आई तेच करणार होती.

पालकांना विनंती

मतासाठी काय सांगावे हे मोठ्यांना माहीत असते. पण शाळेच्या समितीत पुन्हा येऊ पाहणाऱ्याने झालेले काम जसे सांगावे, तसेच राहिलेलेही सांगावे. ऐकणाऱ्यांनीही राहिलेले काम ऐकून लगेच हसू नये. जो म्हणतो माझे सगळेच झाले, त्याला प्रोसिडिंगची वही घेऊन पुन्हा विचारावे.

आणि बायकांना खास विनंती. समितीत निम्म्या जागा तुमच्या आहेत. सावित्रीबाई फुले आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांच्या जिल्ह्यात बायकांची सही आणि बोलणे मात्र नवऱ्याचे, असे दिसू नये.

सभेला अवश्य या. येताना वरचे चार प्रश्न घेऊन या. ते माझ्या आईलाही विचारा. तिची तयारी झालेली आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी